दार उघडं, पाकीट बंद

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील तिसरे पुष्प. वक्त्या आपल्या सोसायटीच्या सभासद असून महाविद्यालयात विद्यार्थी समुपदेशनाचे काम करतात. अनेक सभासदांच्या आग्रहावरून भाषणाचा मजकूर येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



पहिल्या पुष्पात मधुमेह झाला, दुसऱ्यात गच्चीवरची बाग झाली. दोन्ही वेळा आपण हसतखेळत घरी गेलो. आजचा विषय तसा नाही, हे मला ठाऊक आहे. सचिव भाऊंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, कॉलेजच्या मुलांची व्यसनं आणि त्यावरचं समुपदेशन. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "ताई, आनंदाचा प्रसंग आहे." मी म्हटलं, आनंदाच्या प्रसंगी घरातली सगळी माणसं एकत्र असतात, म्हणून तर बोलायचं.

दुसरं कारण तुम्हाला माहीतच आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत 'विद्यार्थ्यांना सदनिका भाड्याने देऊ नये' असा विषय आला होता. त्यावर निर्णय झाला नाही, पुढच्या सभेत तो पुन्हा येणार आहे. ज्यांनी तो मांडला त्यांची तक्रार खोटी नाही. पाण्याच्या टाकीमागे बाटल्या सापडल्या. जिन्याच्या कोपऱ्यात खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या आहेत. रात्री बारा वाजता गच्चीवर आरडाओरड झाली. ज्यांच्या घरी लहान मुली आहेत, त्यांना काळजी वाटणारच. ही तक्रार बाजूला सारून मला बोलायचं नाही. पण ठरावावर हात वर करण्याआधी ही मुलं कोण आहेत आणि त्यांना काय होतं, ते एकदा ऐकून घ्या, एवढीच विनंती.

ही मुलं कोण?

आपल्या जिल्ह्यात सोळा तालुके. उमरखेड, महागाव, पुसद एका टोकाला, वणी, मारेगाव, झरी दुसऱ्या टोकाला. बारावी झाली की तिथला मुलगा यवतमाळला येतो. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी बी.एस्सी.ला, कुणी स्पर्धा परीक्षेला. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाही तर तीन-चार जण मिळून रूम घेतात. मेसचा डबा लावतात. घरी कापूस विकला की पैसे येतात. कापसाला भाव नसला की बाप फोनवर म्हणतो, "पुढच्या महिन्यात पाहू."

गावात हा मुलगा 'अमक्याचा पोरगा' असतो. पानठेल्यावर उभा राहिला तरी संध्याकाळपर्यंत घरी बातमी जाते. शहरात त्याला कुणी ओळखत नाही. पहिल्यांदाच तो मोकळा असतो आणि पहिल्यांदाच एकटा असतो. दहावीत नव्वद टक्के घेतलेला मुलगा पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांत नापास होतो आणि ते घरी सांगत नाही. वर्गात इंग्रजीत बोलायला उभं केलं की घाम फुटतो. हे सगळे मुलगे बिघडलेले नसतात. पण कुणीतरी ग्लास पुढे करतं तेव्हा नाही म्हणायला त्याच्याजवळ दुसरं काही नसतं. ना मित्र, ना मैदान, ना ज्याच्यापाशी रडावं असं माणूस.

मुलींबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून सांगते, मुलीही येतात. कमी येतात, उशिरा येतात, कारण त्यांना कळून चुकलेलं असतं की त्यांच्या बाबतीत बोभाटा दुप्पट होईल.

आधी खर्ऱ्याचं बोलू

व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दारू आणि गांजा येतो. खर्रा आपण धरतच नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा, त्याची पुडी खिशात ठेवायची. लग्नात, तेरवीत, कार्यालयात, शेतात, सगळीकडे तो चालतो. मास्तर विद्यार्थ्याला आणायला पाठवतो आणि बाप मुलाला. मी मुलांना विचारते, "पहिल्यांदा कधी?" बरेच जण खर्ऱ्याचं वर्ष सांगतच नाहीत, कारण ते व्यसन आहे असं त्यांना वाटतच नाही.

२०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात बिडी-सिगारेट ओढणारे चार टक्क्यांहून कमी, बाकी सगळा खाण्याचा तंबाखू. म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न धुराचा कमी आणि तोंडाचा जास्त आहे. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कधीच जाहीर केलं आहे. राज्यात २०१२पासून गुटखाबंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तो विकताच येत नाही, असा २००३चा केंद्राचा कायदा सांगतो. आता उद्या सकाळी आपल्या कॉलेजांच्या फाटकावरून एक चक्कर मारून या आणि पावलं मोजा.

खर्ऱ्याचं मी पहिल्यांदा सांगते याचं कारण आहे. 'मन अस्वस्थ झालं की तोंडात काहीतरी टाकायचं' ही सवय मुलाला तिथे लागते. पुढे फक्त वस्तू बदलते. सिगारेट, बिअर, देशी, गांजा, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या. काही मुलं व्हाइटनर हुंगतात, जे स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

सवय कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो?

पालक विचारतात, "मॅडम, आजकाल सगळेच घेतात. आमचा व्यसनी झाला का?" सरळ खुणा सांगते. आधी जेवढ्यात भागायचं तेवढ्यात आता भागत नाही. थांबायचं ठरवलं तरी थांबता येत नाही. मिळालं नाही तर हात थरथरतात, चिडचिड होते, झोप उडते. दिवसाचा बराच वेळ ती वस्तू मिळवण्यात जातो. अभ्यास, खेळ, मित्र सुटत जातात. आणि नुकसान दिसत असूनही घेणं चालूच राहतं. यातल्या तीन गोष्टी वर्षभरात दिसल्या, तर ती मौज राहिली नाही. डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

'आजार' म्हटलं की काही जण नाराज होतात. "आजार कसला, मस्ती आहे," असं म्हणतात. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवून देते. एप्रिल २०२१. कोरोनाचा लॉकडाऊन, दारूची दुकानं बंद. वणीत मजुरी करणाऱ्या काही जणांनी हात धुवायचं सॅनिटायझर प्यायलं आणि सात जण गेले. मस्ती करणारा माणूस सॅनिटायझर पीत नाही. ज्याच्या शरीराने आणि मेंदूने 'हे नाही तर मी नाही' असं धरून ठेवलं आहे, तोच पितो. त्यांच्यातला प्रत्येक जण कधीतरी अठरा-वीस वर्षांचा होता आणि कुणीतरी त्याला पहिला घोट दिला होता.

माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. पुढचा विचार करणारा, स्वतःला आवरणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. आपल्या राज्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय पंचवीस आहे, हे किती मुलांना माहीत आहे? किती पालकांना माहीत आहे?

दारूबंदीचं काय?

हा प्रश्न हमखास येतो. आपल्या शेजारी वर्धा जिल्हा, गांधीजींचा म्हणून फार वर्षांपासून दारूबंदीचा. गडचिरोलीत १९९३पासून बंदी. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ला झाली आणि २०२१मध्ये उठली. यवतमाळातही बायाबापड्यांनी मोर्चे काढले, दारूबंदी मागितली. त्या बायकांबद्दल मला फार आदर आहे, कारण दारूची किंमत घरात त्यांनीच मोजली आहे. गावातलं दुकान हटलं तर नव्या मुलाला पहिला घोट मिळणं अवघड होतं, हेही खरं. पण ज्याला आधीच जडली आहे, तो नदी ओलांडून जातो. त्याच्यासाठी कायद्याच्या सोबत दवाखाना लागतो आणि बोलायला माणूस लागतं.

आणि तेच कमी आहे. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून देशभर सर्वेक्षण करून घेतलं, २०१९मध्ये त्याचा अहवाल आला. देशात सोळा कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. बाकी सदतीस कुठे आहेत? आपापल्या घरात आहेत. घरच्यांनी लपवलेले, नाही तर घरच्यांनी हाकललेले.

समुपदेशनात नेमकं काय होतं?

बऱ्याच जणांची कल्पना अशी की मॅडम मुलाला खोलीत बसवतात आणि दारूचे दुष्परिणाम सांगतात. दुष्परिणाम त्याला पाठ असतात. सिगारेटच्या पाकिटावर चित्रच असतं. ते बघत बघत तो ओढतो.

मी पहिल्या भेटीत 'का पितोस?' असं विचारत नाही. 'का' विचारलं की माणूस स्वतःचा वकील होतो. मी विचारते, "घेतल्यावर काय बरं वाटतं?" हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो. तो दचकतो, मग बोलतो. कुणी म्हणतो, झोप लागते. कुणी म्हणतो, चार जणांत बोलता येतं. एक जण म्हणाला, "बाबांच्या कर्जाचा विचार थांबतो जी." मग दुसरा प्रश्न, "आणि काय गेलं?" इथे मी गप्प बसते. तोच सांगतो. बॅकलॉग, आईशी खोटं बोलणं, मित्राचे घेतलेले पैसे, धावण्याच्या स्पर्धेत लागणारा दम. जे माझ्या तोंडून उपदेश वाटलं असतं, ते त्याच्या तोंडून निघालं की त्याचं होतं.

पाश्चात्त्य मानसशास्त्रात या पद्धतीला मोठं नाव आहे, १९८०च्या दशकात ती तिकडे मांडली गेली. पण आपल्याला ती नवीन नाही. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते संत गाडगेबाबा कीर्तनात काय करत? सांगत कमी, विचारत जास्त. समोरच्या माणसाकडूनच उत्तर काढून घेत. त्यांच्यापुढे बसलेल्या माणसाला, बाबांनी आपल्याला शिव्या घातल्या असं न वाटता आपल्याला हे ठाऊकच होतं, असं वाटायचं.

त्यानंतरचं काम लहान लहान असतं. ओढ कधी येते, ते वहीत लिहायचं. बहुतेकांच्या वहीत चार गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. भूक, राग, एकटेपणा, थकवा. मेसचा डबा चुकवला की संध्याकाळी ओढ जास्त. घरून रागाचा फोन आला की जास्त. ओढ लाटेसारखी येते, चढते आणि साधारण वीस मिनिटांत उतरते. ती वीस मिनिटं कशी काढायची, ते ठरवायचं. खाऊन घे, मित्राला फोन कर, आंघोळ कर, रूमच्या बाहेर पड. कुणाला 'नाही' कसं म्हणायचं, त्याचा आम्ही खोलीत सराव करतो. हसू नका, अठरा वर्षांच्या मुलाला 'नाही' म्हणणं फार कठीण असतं.

मुलगा जे सांगतो ते माझ्यापाशीच राहतं. ते त्याच्या प्राचार्यांना कळत नाही आणि पालकांनाही त्याच्या परवानगीशिवाय कळत नाही. अपवाद एकच. त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसत नाही, आणि हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगते.

समुपदेशनाची हद्दही सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात घरीच बंद केली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून 'उद्यापासून बंद' अशी शपथ घालण्याआधी डॉक्टर गाठायचा. आपल्याकडे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. तिथे जाणं म्हणजे वेडं होणं नव्हे. आणि भिंतीवर रंगवलेल्या 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलून चहात, भाजीत पूड मिसळू नका. काही औषधं पोटात असताना माणूस प्यायला, तर प्रकृती गंभीर होते. शिवाय कधीतरी त्याला कळतंच, आणि मग तो घरचं जेवणसुद्धा विश्वासाने जेवत नाही.

माळ घालणं, गुरुदेव सेवा मंडळात जाणं, याला माझा विरोध नाही. कितीतरी जणांची त्याने सुटली आहे, कारण तिथे नवी संगत मिळते, संध्याकाळ भरते. पण संगत न बदलता नुसती शपथ घातली, तर ती मोडते आणि मोडली की 'आता मी कामातूनच गेलो' म्हणून मुलगा दुप्पट पितो.

दारं कशी बंद होतात

आता एका मुलाची गोष्ट. दोन-तीन मुलांच्या हकिकती मी मुद्दाम एकत्र केल्या आहेत, ओळख शोधत बसू नका.

शेतकऱ्याचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शनिवारची बिअर बुधवारी आली, मग रोजची झाली, मग गांजा. वसतिगृहात बाटली सापडली, तिथून काढलं. नियमच होता. रूम घेतली, घरमालकांनी महिन्याभरात सामान बाहेर ठेवलं. त्यांच्याही घरी मुली होत्या. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसता आलं नाही. विद्यापीठाचा नियम. गावी गेला, तर बाप म्हणाला, "तोंड दाखवू नको." बापाने कर्ज काढून शिकवलं होतं, त्याचा संताप मला कळतो. यातल्या एकाचंही वागणं मी चूक म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापलं दार योग्य कारणाने बंद केलं. पण चारही दारं बंद झाल्यावर त्या मुलासाठी शहरात एकच दार उघडं राहिलं, त्याला माल देणाऱ्याचं. तो उधारही देत होता, झोपायला जागाही देत होता. पुढे पुड्या पोचवायचं कामही देणार होता.

त्याला वाचवलं ते त्याच्या मावशीने. मावशी काही शिकलेली नाही. तिने सांगितलं, "दोन वेळ जेव, इथेच झोप. पण हातात एक रुपया देणार नाही आणि पिऊन आला तर त्या रात्री मी बोलणार नाही, सकाळी बोलीन." तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली, तीच माझ्याकडे घेऊन आली. आठवड्यातून एकदा, दहा महिने. मधे एकदा तो घसरला. परत आला. त्याची पदवी एक वर्ष उशिरा झाली. तो आज मोठ्या पॅकेजवर आहे असं सांगून मी टाळ्या घेणार नाही. तो वडिलांबरोबर शेती बघतो, पीत नाही आणि बाप-लेक एका ताटावर जेवतात.

मावशीने जे केलं ते मी पालकांना चार शब्दांत सांगते. दार उघडं, पाकीट बंद. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो. रागाने घरातून काढतो आणि माया आली की गुपचूप पैसे पाठवतो, उधारी फेडतो, कॉलेजात खोटं सर्टिफिकेट देतो. प्रेम म्हणून दिलेला तो पैसा सरळ ठेल्यावर जातो.

घसरण झाली म्हणजे उपचार फसला, असं नाही. रक्तदाब एकदा वाढला म्हणून आपण गोळी फेकून देत नाही. पुन्हा डॉक्टरकडे जातो. इथेही तसंच.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुम्हाला ऐकून माहीत असेल. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू झालं. ते उभं केलं मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. तिथे पस्तीस दिवस राहावं लागतं. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्यांनी पेशंटच्या बायकांचाही गट सुरू केला, 'सहचरी' नावाचा. आजारी एक, पण थकलेलं सगळं घर, हे त्यांनी ओळखलं. आणि बरे झालेले कितीतरी पेशंट तिथेच कार्यकर्ते झाले. म्हणजे ज्याच्यासाठी दार उघडं ठेवलं, त्याने पुढे दुसऱ्यासाठी दार धरलं.

घरी कळलं तर

मुलगा नशेत असताना बोलू नका, त्या वेळी ऐकणारं कुणी नसतं. सकाळी, एकट्याशी, आवाज न चढवता बोला. 'तू बेवडा झालास' असं न म्हणता 'मंगळवारी तू दोन वाजता आलास, मी घाबरले' असं म्हणा. एका बोलण्यात सगळं सुटणार नाही, दहा वेळा बोलावं लागेल. शेजारच्याच्या मुलाशी तुलना नको. आणि वडिलांनो, तुमच्या कपाटात बाटली असेल तर आधी तिचं काय करायचं ते ठरवा. मुलं आपलं ऐकत नाहीत, ती आपल्याकडे बघतात.

काही जणांना पोलिसांची भीती असते. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात कलम ६४अ आहे. थोडा माल स्वतःसाठी बाळगणारा व्यसनी माणूस आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. त्याला अटी आहेत, वकिलाला विचारा. पण कायद्यालाही पिणारा आणि विकणारा यांतला फरक कळतो, एवढं लक्षात ठेवा.

आता आपला ठराव

फरक आपणही करू. सोसायटीच्या आवारात कुणी माल विकताना दिसला, तर सरळ पोलिसांना कळवू, तिथे दयामाया नको. पण चार मुलं राहतात म्हणून सगळ्या विद्यार्थ्यांना बंदी केली, तर बाटल्या टाकीमागून फक्त पलीकडच्या ले-आउटमध्ये जातील. मुलं अशा जागी जातील जिथे त्यांना बघणारं कुणीच नसेल. ठरावाऐवजी माझ्या पाच सूचना आहेत, सभेत त्यांचा विचार व्हावा.

एक, भाडेकरार करताना विद्यार्थ्याच्या आई-वडिलांना एकदा प्रत्यक्ष बोलावायचं, चहा पाजायचा, फोन नंबर घ्यायचा. दोन, गच्चीवर पिणं बंद, रात्री दहानंतर आवाज बंद, जिन्यात थुंकणं बंद. पण हे सगळ्यांना, सभासदांनासुद्धा. ३१ डिसेंबरला गच्चीवर कुणाची पार्टी असते, ते मुलांना माहीत आहे. तीन, कुणी सापडला तर त्याच रात्री सामान बाहेर नाही. पहिल्या वेळी घरी फोन आणि समुपदेशकाची भेट, दुसऱ्या वेळी लेखी समज, त्यानंतर महिन्याची नोटीस. चार, सूचना फलकावर दोन नंबर कायमचे लावायचे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, जी चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते. पाच, गणपतीच्या वर्गणीपुरतं या मुलांचं दार ठोठावू नका. मंडप बांधायला, आरतीला, क्रिकेटच्या सामन्याला त्यांना बोलवा. ज्याला इमारतीत चार काकू नावाने ओळखतात, तो टाकीमागे बाटली ठेवताना दहा वेळा विचार करतो.

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण दारव्हा, घाटंजी, राळेगाव, आर्णी इथून नोकरीसाठी यवतमाळला आलेले होतो. कुणीतरी ओळख नसताना आपल्याला खोली दिली, कुणीतरी पहिल्या महिन्याचं भाडं उशिरा घेतलं. त्यातून ही पंचवीस वर्षं उभी राहिली.

शेवटी मागे बसलेल्या मुलांसाठी दोन वाक्यं. तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल की मॅडमनी आपल्याबद्दलच सगळं सांगितलं, तर तसं नाही, अशी मुलं मला दर आठवड्याला भेटतात. कुणाला बोलायचं असेल तर माझा फ्लॅट तुम्हाला माहीत आहे, बेल वाजवा, कारण विचारणार नाही.

संस्थेच्या रौप्यमहोत्सवाला माझ्या मनापासून शुभेच्छा.